सतरा नंबरचं क्रीम

मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा व्याह्यांनी मला अगदी सहज विचारलं, "विहीणबाई, तुम्हीही नोकरी करता ना? काय काम असतं?" मी शब्द जुळवत होते, तोवर शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "तोंडाला क्रीम लावते."

खोलीत कुणी हसलं नाही. व्याहीबुवांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय हॉलच्या भाड्यावर नेला. घरी आल्यावर मी यांच्यावर बरीच चिडले. पण खरं सांगायचं तर त्यांनी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. नव्वदीच्या दशकातली माझी चार-पाच वर्षं तोंडाला क्रीम लावण्यात आणि काय होतं ते वहीत लिहिण्यात गेली.

वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एक लहान कारखाना होता. क्रीम, पावडर, काजळ, लिपस्टिक, भेगाळलेल्या टाचांचं मलम असा माल तिथं तयार व्हायचा आणि लहान गावांतल्या दुकानांत जायचा. आम्ही तुळिंजला राहायचो. मुलं मोठी झाली तशी मी तिथं बाटल्यांना झाकणं बसवायच्या कामाला लागले. सात वर्षं झाकणं बसवली. मग देवयानी आली. रसायनशास्त्र शिकलेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, मोजकं बोलणारी मुलगी. मालक भावेशभाईंना चाळिशीपुढच्या बायकांसाठी वेगळा माल काढायचा होता, त्यासाठी तिला घेतली होती.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "नवीन क्रीम आधी कुणाला लावून बघता?"

भावेशभाई म्हणाले, "माझ्या पुतणीला. कॉलेजात आहे."

"तिनं तोंडाला तूप लावलं तरी ती छानच दिसेल," देवयानी म्हणाली. "मला पन्नाशीच्या बायका पाहिजेत."

अशी मी झाकणांवरून उठून आतल्या खोलीत गेले. आम्ही तिघी होतो. दुसरी भुईगावची फिलोमिना. तिची वाडी होती, ती भावेशभाईंच्या घरी फुलं घालायची. घरी तिची बोली निराळी, माझ्याशी बोलताना मात्र ती शाळेत शिकल्यासारखं सावकाश मराठी बोलायची. तिसरी कामणची हिराबाई. भातशेतीवाली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पावसाळ्यात ती कारखान्याच्या दाराशी रानभाज्या घेऊन बसायची, तिथूनच देवयानीनं तिला आत आणली. पहिल्या दिवशी हिराबाई म्हणाली, "मेडम, माज्या तोंडाला आता काय लावतंस? कोनी बघंल तं हसंल."

काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं मजेचं नव्हतं. नवीन माल आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावायचा आणि एक दिवस तिथं पाणी लागू द्यायचं नाही. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर मग चेहरा. तोही अर्धाच. उजव्या बाजूला नवीन क्रीम, डाव्या बाजूला साधं, म्हणजे फरक कळतो. आठवड्यातून दोनदा देवयानी आम्हांला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवून भिंगातून बघायची. उरलेल्या दिवशी काय वाटलं ते आपण वहीत लिहायचं. हिराबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी तिच्या पानावर लिहायचे.

लिपस्टिकची परीक्षा जेवून व्हायची. बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाऊन, वर चहा पिऊन ओठांवर किती रंग उरला ते बघायचं. काजळ लावून आम्ही कांदे चिरायचो. फिलोमिना त्यात पटाईत. अर्धा किलो कांदे चिरले तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघायचं नाही, त्यामुळे तिच्यावर काजळाची परीक्षाच होईना. तुळिंजच्या बाजारात मी एका गालावर तुकतुकी आणि दुसऱ्यावर कोरड घेऊन भाजी आणायचे. घरी हे विचारायचे, "आज कोणती बाजू बोलतेय माझ्याशी?"

देवयानीचे नियम दोनच होते. दिलेला माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि वहीत खरं ते लिहायचं, कितीही क्षुल्लक वाटलं तरी.

"काकू, तुम्ही लिहाल त्यावर मी पुढचं ठरवणार," ती मला म्हणाली होती. "माझं भिंग वरवरचं बघतं. आतून काय वाटतं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता. आयुष्यात माझ्या सांगण्यावर पहिल्यांदाच कुणी काही ठरवणार होतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी सतरा नंबरचं क्रीम आलं. आम्हांला नावं कळायची नाहीत, फक्त नंबर. याचा कच्चा माल भावेशभाईंनी स्वतः बाहेरून आणला होता, तयार मिश्रणाच्या पिंपांत. देवयानीनं त्यात फक्त सुवास आणि थोडं तेल घालायचं होतं. "त्यात नक्की काय आहे ते लेखी द्या," असं ती दोनदा म्हणाल्याचं मी ऐकलं. भावेशभाई म्हणाले, "झाडपाल्याचं आहे. देणारा माझा जुना माणूस आहे."

सतरा नंबर मला आणि फिलोमिनाला दिलं. हिराबाईकडे तेव्हा टाचांचं मलम होतं.

फिलोमिनानं चौथ्या दिवशी डबी परत आणली. "मला नको हे," ती म्हणाली. "रात्री गाल गरम लागतो. आतून गरम, चुलीपुढं बसल्यावर लागतो तसा."

भावेशभाई तिथंच होते. हसून म्हणाले, "बाई, वयामुळे होतं असं."

मीही हसले. ते मला अजून आठवतं. फिलोमिनानं माझ्याकडे पाहिलं, वहीत आपलं म्हणणं वळणदार अक्षरात लिहिलं आणि डबी टेबलावर ठेवून ती बसच्या वेळेला निघून गेली.

माझं मात्र काही गरम होत नव्हतं. उलट दहा-बारा दिवसांत जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले होते, तपकिरी, नकाशासारखे. वीस-बावीस वर्षं मी ते घेऊन फिरत होते. लग्नकार्यात फोटो काढताना मागच्या रांगेत उभी राहायचे. आता उजव्या गालावरचा वांग फिका होत होत दिसेनासा झाला. कातडी मऊ, उजळ. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मोठा आरसा होता, त्यात मी माझी उजवी बाजू बघत उभी राहिले. दुकानदारानं "काय देऊ?" विचारलं तेव्हा भानावर आले आणि नको असताना एक पळी घेऊन घरी आले.

तिसऱ्या आठवड्यात मी सतरा नंबर डाव्या गालालाही लावायला लागले.

याला मी आता कारणं देत नाही. दोन्ही गाल सारखे व्हावेत असं वाटलं, लावलं. वहीत डाव्या बाजूच्या रकान्यात मी "साधं क्रीम, नेहमीप्रमाणे" असं लिहीत राहिले. देवयानीनं भिंगातून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काकू, डावीकडचाही वांग जातोय. साध्या क्रीमनं असं व्हायला नको."

"जात असेल," मी म्हटलं.

तिला माझा संशय आला नाही. तिनं आपल्याच साध्या क्रीमवर संशय घेतला, त्याचे घटक पुन्हा तपासले. त्यात तिचा आठवडा गेला. मी समोर बसून बघत होते.

माझ्यातला बदल हिराबाईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिच्या गालांवर उन्हातान्हातले वांग माझ्यापेक्षा गडद होते. एके दिवशी देवयानी बाहेर गेली तशी ती स्टूल ओढून माझ्याजवळ आली. "ताय, तुजं तोंड कसं उजललं गं. मना पन दे ना जरासं. माज्या टाचा कोन बघतं?"

आम्ही दोघीही हसलो. माझ्याकडे नुकतीच नवीन डबी आली होती. दुसऱ्या दिवशी मी घरून कुंकवाची रिकामी डबी नेली आणि अर्धं क्रीम तिला काढून दिलं. नंतरही दोनदा दिलं. तिच्या पानावर मी फक्त टाचांचं लिहीत होते.

दिवाळी जवळ आली तशी कारखान्यात गडबड सुरू झाली. सतरा नंबरला नाव मिळालं, गुलाबी खोकी छापून आली. दिवाळीआधी माल दुकानांत पोचवायचा होता. माझ्या वहीची पानं भावेशभाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "ही आमची ताई. बघा चेहरा."

त्याच सुमारास दिरांच्या घरी पूजा होती म्हणून मी आठ दिवस कोकणात गेले. डबी तुळिंजलाच राहिली. तिसऱ्या दिवशी गाल तापायला लागले. पाचव्या दिवशी तोंड लाल झालं, पुरळ उठलं, आग आग होऊ लागली. जाऊबाईंनी कोरफड लावली, पण पाण्याचा हात लागला तरी मला सहन होईना. तेव्हा फिलोमिनाचं बोलणं आठवलं. आतून गरम. पूजेच्या दिवशी मी देवघराकडे पाठ करून मागच्या पडवीत बसून होते.

परत आल्यावर कारखान्यात गेले तर हिराबाई नव्हती. मी गावी जायच्या आधीपासून धरून दोन आठवडे ती आलीच नव्हती. सगळ्यांना वाटत होतं भातकापणी चाललीय, म्हणून येत नसेल. मी पदर तोंडावर घेऊन कामणची बस पकडली.

तिची सून दारात होती. म्हणाली, "आय बाहेर येत नाय." मी आत गेले. हिराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाक मारल्यावर वळली. मी घाबरले. गाल सुजून लालभडक, जागोजागी साल निघालेली, डोळ्यांखाली पाणी धरलेलं. क्रीम संपलं होतं आणि त्यानंतर ती आठ दिवस उन्हात कापणीला गेली होती.

माझं तोंड बघून तिलाही कळलं. मग ती हळूच म्हणाली, "मी कोनाला सांगितलं नाय तुजं नाव. सून इचारते, मी बोलली उनानं झालं."

रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

तिला घेऊन मी वसईला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर, शांत डॉक्टर होते. त्यांनी आमच्या दोघींचे चेहरे पाहिले, मी नेलेल्या डबीतलं क्रीम बोटावर घेतलं आणि विचारलं, "हे किती दिवस लावत होतात?"

मी सांगितलं.

ते म्हणाले, "तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण लक्षणं स्पष्ट आहेत. यात स्टेरॉइड असणार. ते औषध आहे, सौंदर्याची वस्तू नाही. आम्हीसुद्धा थोडेच दिवस देतो. लावलं की चेहरा झटकन छान दिसतो, पण रोज लावत राहिलं तर कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही. आणि अचानक सोडलं की असं उलटतं. यांच्या बाबतीत त्यावर ऊनही लागलंय."

"बरं व्हईल का?" हिराबाईनं विचारलं.

"होईल. पण महिने लागतील. आणि उन्हात जायचं नाही."

हिराबाई त्यांना म्हणाली, "शेतात काय सावली पडते का रं दादा?"

त्या संध्याकाळी मी वही घरी आणली. खरं तर वही कारखान्याबाहेर न्यायची नसे. स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून मी लिहायला बसले. डाव्या गालाला कधीपासून लावलं. डाव्या रकान्यात खोटं काय लिहिलं. हिराबाईला किती वेळा दिलं. कोकणात काय झालं, तिच्या तोंडाचं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. लिहून झाल्यावर यांना वाचायला दिलं. यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. या वेळी थट्टा केली नाही. "उद्या हे दाखवलंस की काम जाईल," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी येऊ का सोबत?"

मी एकटीच गेले. देवयानीनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मध्येच खाली बसली. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली नाही. "काकू, माझा पूर्ण एक आठवडा साध्या क्रीमवर गेला," ती म्हणाली. "फिलोमिनाबाईंचं पान माझ्यासमोर होतं. तुमचं पान छान होतं म्हणून मी त्यांच्या पानावर काट मारली."

हे ऐकताना मला जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "माझंही."

मग ती वही घेऊन भावेशभाईंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. भावेशभाई आधी समजुतीनं बोलले. खोकी छापून झालीत, ऑर्डरी आहेत, आपण नंतर बघू. मग मला आत बोलावलं. "ताई, तुम्ही घरचं माणूस. या वयात चेहऱ्याला काही ना काही होतंच. हे एक पान काढून टाकू. तुमचं काम चालू राहील."

मी म्हटलं, "पान काढा. पण माझं तोंड बाहेर बाजारात दिसणारच आहे."

देवयानीनं सतरा नंबरचा नमुना मुंबईला एका प्रयोगशाळेत स्वतःच्या नावानं पाठवला. उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं, आणि नुसतं स्टेरॉइडच नव्हतं, रंग उतरवणारं आणखी एक औषधही होतं. देवयानीनं कागद भावेशभाईंच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की माल बाहेर गेला तर हा कागद सरकारी खात्यात जाईल. माल त्या दिवाळीला दुकानांत गेला नाही. भावेशभाई म्हणत राहिले की त्यांना ठाऊक नव्हतं, मिश्रण देणाऱ्यानं फसवलं. असेलही तसं. पण ती पिंपं एका सकाळी टेम्पोत चढवून नेली, ती कुठं गेली हे मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या डबीत, दुसऱ्या कुठल्या नावानं ते कुणाच्या गालावर गेलं असेल का, हा विचार मला पुष्कळ वर्षं छळत होता.

देवयानीनं महिन्याभरात नोकरी सोडली. आतली खोली बंद झाली. मी परत झाकणांवर बसले आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी बसले.

मी भुईगावला फिलोमिनाकडे गेले. तिच्या वाडीत केळीच्या सावलीत उभं राहून सगळं सांगितलं आणि हसले होते त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "बाय, त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. आता नाही." आणि जाताना केळ्यांची फणी हातात दिली. पुढं देवयानीनं विरारला स्वतःचा लहानसा कारखाना काढला तेव्हा तिनं सर्वांत आधी फिलोमिनाला बोलावलं. मलाही बोलावलं. मी गेले, पण माझी वही रोज फिलोमिनानं वाचायची या अटीवर. ती अट मीच घातली होती. देवयानी म्हणाली, "त्याची गरज नाही, काकू." मी म्हटलं, "मला आहे."

हिराबाई मात्र पुन्हा या कामाला आली नाही. मी दर पंधरवड्याला तिला डॉक्टरांकडे न्यायचे. त्या वर्षी तिच्या वाटची शेतातली कामं सुनेनं केली. हिराबाई घरात बसून धान्य निवडायची आणि दारात कुणी आलं की पदर ओढून घ्यायची. सुनेला मी खरं काय ते सांगितलं. ती माझ्याशी पुढं सहा महिने बोलली नाही, पण प्रत्येक वेळी पाणी आणून ठेवायची. माझा चेहरा चार महिन्यांत निवळला. वांग परत आले, होते तसेच. हिराबाईला सव्वा वर्ष लागलं.

त्यानंतरच्या वर्षी कामणच्या शाळेत मतदारांच्या ओळखपत्राचे फोटो काढणार होते. आदल्या वेळी हिराबाईनं फोटो काढायला जायचं टाळलं होतं. या वेळी तिनं निरोप पाठवला, ताय, तू ये. मी सकाळीच गेले. शाळेत बायकांची रांग होती. कॅमेऱ्यामागचा मुलगा प्रत्येकीला घाई करत होता. हिराबाईचा नंबर आला तसा तो म्हणाला, "आजी, पदर मागं घ्या. हवी तर पावडर लावून घ्या, तिकडं टेबलावर आहे."

तिनं पदर मागं घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताय, नीट बघून सांग. कसं हाय?"

मी तिला दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि देवयानी बघायची तसं बघितलं. कातडी भरून आली होती. डाव्या गालाच्या हाडावर मात्र एक पातळ, काळसर डाग राहिला होता, जवळून बघणाऱ्याला दिसेल असा.

"डावीकडे थोडं राहिलंय," मी म्हटलं. "कमी झालंय, पण आहे."

"ते ऱ्हाऊ दे," हिराबाई म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून बसली.